आधी पाणी, मग गिझर

दसरा उलटला की जळगावच्या बाजारात कूलर आत जातात आणि गिझरचे खोके दुकानाच्या दारात येऊन बसतात. धुळ्याच्या आग्रा रोडवरही तेच चित्र. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे नेणारा हा मुलूख हिवाळ्यात तितक्याच जोरात गारठतो. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात पारा पाच-सहा अंशांवर उतरल्याची बातमी वर्तमानपत्रात अधूनमधून येते आणि त्या पहाटे देवपूरपासून पारोळा रोडपर्यंत घरोघरी एकच प्रश्न असतो, पाणी तापलं का?

'घर आणि ऊर्जा' हा या अंकाचा विषय. त्यावर लिहायचं तर खान्देशात मोठी ठिकाणं आहेत. भुसावळजवळ दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र आहे. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीने २०१३मध्ये उभारलेला १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे. ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात. तरी मी न्हाणीघर निवडलं. ज्या यंत्रावर माणसं कष्टाचे पैसे घालतात आणि ज्याच्याबद्दल नेमकी माहिती त्यांना क्वचितच कुणी देतं, ते यंत्र तिथे भिंतीवर टांगलेलं असतं. गिझर दहा वर्षं टिकावा अशी अपेक्षा असते आणि तिसऱ्या वर्षी टाकी पाझरू लागते. गच्चीवरचं पाणी तापवणारं सोलर पहिला हिवाळा छान चालतं, दुसऱ्या उन्हाळ्यात नळ्या फुटतात. दोष कंपनीला दिला जातो. दुरुस्ती करणाऱ्या माणसांशी बोलत गेलं की मात्र निराळंच काही हाती लागतं.

पांढरा थर

जळगावात एका दुरुस्तीच्या दुकानात कारागिराने गिझरचं झाकण उघडून कॉइल बाहेर काढली. तांब्याची बोटाएवढी नळी असायला हवी होती. हातात आला तो मनगटाएवढा जाड, खडबडीत, पांढरट-पिवळा गोळा. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने त्याने हलकेच ठोकलं तशी पापुद्र्यासारखी खपली पडली आणि आतून काळवंडलेलं तांबं दिसलं. टाकीच्या तळाशी वाडगाभर चुरा साचला होता. शेजारी, ज्याला अनोड म्हणतात तो रॉड पडला होता. मॅग्नेशियम पुरतं संपून आतली तार तेवढी उरली होती.

"पानी खारं शे भाऊ, मशीनना काय दोष?" तो अहिराणीत म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

या एका कॉइलवर अख्खी गोष्ट लिहिलेली आहे. जमिनीतल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असतात. पाणी तापलं की त्यांचं कार्बोनेट होतं, ते पाण्यात राहत नाही आणि सर्वांत गरम जागी, म्हणजे कॉइलवर, चिकटतं. पाणी ६० अंशांच्या वर गेलं की हे फार वेगाने होतं. थर उष्णता नीट जाऊ देत नाही, म्हणून कॉइल आतल्या आत जास्त तापते, वीज जास्त वेळ जळते आणि एक दिवस कॉइल फुटते. मॅग्नेशियमच्या रॉडचं काम वेगळं. टाकीच्या पत्र्याला लागणारा गंज तो स्वतःवर ओढून घेतो आणि झिजत जातो. तो संपला की टाकीची पाळी. रॉड बदलायला फार खर्च येत नाही, पण तो आत असतो हेच बहुतेक घरांना ठाऊक नसतं. जड पाणी असेल तर दर हिवाळ्याच्या तोंडाशी तो उघडून बघायला हवा.

थर ही काही नवी गोष्ट नाही. अमळनेर-चोपड्याकडच्या खेड्यांत कापूस वेचून झाला की पऱ्हाट्यांचे ढीग घराशेजारी रचले जातात आणि हिवाळाभर बंबाखाली जातात. त्या तांब्याच्या बंबालाही आतून असाच थर बसतो. फरक इतकाच, की बंब उघडा असतो, डोळ्यांना दिसतो, चिंचेने घासता येतो. गिझरच्या पोटात काय चाललंय ते दिसत नाही.

एका घरात दोन पाणी

जळगाव शहराला वाघूर धरणाचं पाणी मिळतं. धुळ्याला तापीवरच्या सुकवद योजनेचं, नकाणे तलावाचं, अक्कलपाड्याचं. हे पाणी साठवणीचं, तुलनेने मऊ. पण ते रोज येतंच असं नाही. जळगावला दिवसाआड पाण्याची सवय आहे. धुळ्यात तर वर्षानुवर्षं अनेक भागांनी काही-काही दिवसांच्या अंतराने पाणी पाहिलं आहे. मधल्या दिवसांत बोअर चालतो, उन्हाळ्यात टँकर येतो, आणि सगळं एकाच गच्चीवरच्या टाकीत पडतं. म्हणजे गिझरला आठवड्यात दोन-तीन तऱ्हेचं पाणी पाजलं जातं. दुकानदार विचारतो, "पाणी कोणतं?" घरमालक सांगतो, "नळाचं." दोघंही खरं बोलत असतात आणि तरी उत्तर अपुरं असतं. विचार करायचा तो वर्षातल्या सर्वांत वाईट पाण्याचा.

ते ओळखायला मोठं यंत्र लागत नाही. स्वच्छ बाटलीत अर्धी बाटली पाणी घ्या, अंगाच्या साबणाचा चुरा टाका आणि जोराने हलवा. भरपूर फेस आला आणि खालचं पाणी बऱ्यापैकी नितळ राहिलं तर पाणी मऊ. फेस जेमतेम आणि पाणी दुधाळ, वर साका, तर जड. नेमका आकडा हवा असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना देता येतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण काठिण्याची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. माणसाला जे चालतं ते कॉइलला चालतंच असं नाही. दुकानात हातातलं छोटं टीडीएस मीटर बुडवून आकडा सांगतात, त्यावर विसंबू नका. ते सगळ्या विरघळलेल्या क्षारांची बेरीज दाखवतं. त्यात थर धरणारे किती, हे त्याला कळत नाही.

आणखी एक कागद वाचायचा असतो, तो वॉरंटीचा. पुढच्या पानावर टाकीला पाच-सात वर्षं लिहिलेली असतात. आतल्या बारीक अक्षरांत बहुतेक कंपन्या जड पाण्याने झालेलं नुकसान वगळतात. खान्देशात ती ओळ सगळ्यांत महत्त्वाची आहे आणि ती विकत घेण्याआधी वाचायची आहे.

बादलीचा हिशेब

आपल्याकडे अजूनही बहुतेक घरांत बादलीने आंघोळ होते, तेव्हा हिशेबही बादलीचाच करू. वीस लिटरची बादली, पाणी १८ अंशांवरून ४० अंशांवर न्यायचं, तर साधारण अर्धं युनिट वीज लागते. ही भौतिकशास्त्राची किंमत आहे, कोणत्याही कंपनीचा गिझर ती कमी करू शकत नाही. चार माणसांचं घर दिवसाला दोन युनिटं, भांडी-कपडे धरून अडीच. थंडीचे चार महिने धरले तर तीनशेच्या आसपास युनिटं. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या शंभर युनिटांनंतर दर एकदम वाढतो, त्यामुळे ही युनिटं महागड्या टप्प्यात जाऊन बसतात.

गिझरच्या लेबलवरचे स्टार पाहायचे ते दुसऱ्या कारणासाठी. तापवलेलं पाणी टाकीत किती वेळ गरम राहतं, म्हणजे नुसतं उभं असताना किती वीज वाया जाते, ते साठवणीच्या गिझरवरच्या ताऱ्यांतून कळतं. ज्या घरात पहाटे पाचला पहिली आंघोळ आणि दहाला शेवटची, तिथे पाच तारे कामाचे. ज्या घरात अर्ध्या तासात सगळे उरकतात, तिथे त्या ताऱ्यांसाठी मोजलेली जास्तीची रक्कम सहसा वसूल होत नाही.

तीन लिटरचा इन्स्टंट गिझर स्वस्त दिसतो म्हणून फार खपतो. तीन किलोवॉटच्या कॉइलमधून पाणी २५ अंशांनी तापवायचं तर मिनिटाला पावणेदोन लिटरहून जास्त धार मिळत नाही. बादली भरायला अकरा-बारा मिनिटं. स्वयंपाकघराला तो ठीक आहे. सकाळी शाळा-ऑफिसची घाई असलेल्या घरात न्हाणीघराला पंधरा किंवा पंचवीस लिटरची टाकीच हवी. 'आठ बार प्रेशर' हे खोक्यावर मोठ्या अक्षरांत असतं, ते उंच इमारतींसाठी. पिंप्राळ्यातल्या किंवा देवपुरातल्या एकमजली बंगल्यात टाकी दहा फुटांवर असते आणि दाब जेमतेम पाव-अर्धा बार भरतो. त्या आकड्यासाठी वेगळे पैसे मोजायची गरज नाही.

मग सोलर? इथे मला स्पष्ट बोलायचं आहे. पुण्या-बंगळुरात जवळपास वर्षभर गरम पाणी लागतं, म्हणून तिथे सोलर लवकर वसूल होतं. जळगावात एप्रिल ते जून काळ्या टाकीतून येणारं नळाचं पाणीच अंग भाजतं. इथे सोलरची खरी गरज चार-पाच महिने. दोन-तीन माणसांच्या घरात चांगला विजेचा गिझर पुरेसा आहे, आणि तसं सांगणारा विक्रेता भेटला तर त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. सहा-सात माणसांचं कुटुंब, घरात म्हातारी माणसं, तान्हं बाळ, किंवा वसतिगृह-दवाखाना असेल तर सोलरइतकं चांगलं दुसरं काही नाही. दीपनगरला जळणाऱ्या कोळशातल्या उष्णतेचा साधारण एक तृतीयांश भाग वीज होऊन बाहेर पडतो, आणि आपण त्या विजेची पुन्हा उष्णता करून बादलीत ओततो. गच्चीवर ऊन फुकट पडत असताना हे मनाला लागतं.

मापाबद्दल एवढं लक्षात ठेवा. शंभर लिटरच्या सोलरमधलं ६० अंशांचं पाणी थंड पाण्यात मिसळलं की ४० अंशांच्या नऊ-दहा बादल्या होतात. चार माणसांच्या घराला दोनशे लिटरचं यंत्र सुचवणारा विक्रेता तुमची गरज मोजत नाहीये.

अनुदानाच्या नावाने गोंधळ होतो तोही इथेच निस्तरू. २०२४मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान, तीन किलोवॉटला ७८ हजार रुपये, हे छतावरच्या वीजनिर्मितीच्या पॅनलसाठी आहे. पाणी तापवणाऱ्या सोलरसाठी नाही. कुणी त्या अनुदानाच्या आशेवर पाण्याचं सोलर विकत असेल तर तिथेच थांबा.

गच्चीवरची सावली

देवपुरातल्या एका गच्चीवर सोलर बसवायची जागा बघायला आलेला मिस्त्री मी पाहिला. टेप काढायच्या आधी त्याने दक्षिणेकडे तोंड करून उभं राहून शेजारच्या घराचा जिना बघितला, पाण्याची टाकी बघितली, मग कठड्याची उंची हाताने मापली. घरातले आप्पा म्हणाले, "इथे दिवसभर ऊन असतं, मे महिन्यात उभं राहवत नाही." मिस्त्री म्हणाला, "आप्पा, मेचं ऊन आपल्याला नको. डिसेंबरचं पाहिजे."

त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. जळगाव-धुळे २१ अंश अक्षांशावर आहेत. जूनमध्ये दुपारचा सूर्य इथे डोक्याच्याही किंचित उत्तरेला जातो, गच्चीवर सावली उरत नाही. डिसेंबरच्या अखेरीस मात्र भर दुपारी तो दक्षिणेला क्षितिजापासून ४५-४६ अंशांवरच असतो. तीन फुटी कठड्याची सावली दुपारी तीन फूट पडते आणि सकाळी नऊ-साडेनऊला जवळजवळ दुप्पट. उन्हाळ्यात जागा पाहून बसवलेली किती तरी यंत्रं ऐन थंडीत अर्धा दिवस सावलीत उभी असतात. तोंड दक्षिणेला आणि कल तीस-पस्तीस अंशांचा असला की हिवाळ्यातलं ऊन नीट मिळतं.

यानंतर उंचीचा प्रश्न. साध्या सोलरमध्ये पंप नसतो. गरम पाणी हलकं होऊन वर चढतं, थंड खाली येतं. नवं थंड पाणीही सोलरमध्ये आपल्या वजनानेच शिरतं, म्हणून थंड पाण्याची टाकी सोलरच्या टाकीहून वर हवी. आपल्या गच्चीवरच्या काळ्या टाक्या बहुतेक वेळा स्लॅबवर किंवा दोन विटांवर टेकवलेल्या असतात, तेव्हा लोखंडी स्टँड हा खर्चाचा भाग धरावाच लागतो. हवेचा पाइप थंड टाकीतल्या पाण्याच्या पातळीहून उंच लागतो. तो खुजा ठेवला तर पाणी सांडत राहतं, तोंड बुजलं तर खाली नळ सोडल्यावर सोलरची टाकी आत चेपते.

पाइपाकडे कुणी बघत नाही. गच्चीवरून तळमजल्याच्या न्हाणीघरापर्यंत पाऊण इंची पाइप पन्नास फूट गेला तर त्यात चारेक लिटर पाणी उभं असतं. रात्रीत ते गार होतं आणि सकाळी पहिल्यांदा तेच येतं. पाण्याची ओढ असलेल्या धुळ्यात रोज चार लिटर मोरीत सोडणं परवडत नाही. पाइपावर इन्सुलेशन घाला, वाट जवळची काढा आणि ते पहिलं पाणी बादलीत धरा.

कोरड्या नळ्या

काचेच्या नळ्यांचं सोलर खान्देशात ज्या कारणाने सर्वाधिक फुटतं, ते कारण कुठल्याच माहितीपत्रकात ठळक छापलेलं मी पाहिलं नाही. नळाला पाणी नाही, थंड टाकी रिकामी, सोलरची टाकीही वापरून संपलेली. उन्हात रिकाम्या नळ्यांचं आतलं तापमान दोनशे अंशांवर जाऊ शकतं. दुपारी दोनला नळ येतो, घरात आनंदाने मोटार सुरू होते, गार पाणी तापलेल्या काचेवर पडतं आणि नळ्या एकापाठोपाठ तडकतात. एक नळी फुटली तरी सगळी टाकी रिती होते. यावर उपाय बिनपैशाचा आहे. सोलर रिकामं झालं असेल तर ते सूर्य मावळल्यावर किंवा पहाटेच भरायचं, त्यासाठी थंड पाण्याचा व्हॉल्व्ह दुपारभर बंद ठेवायचा. एप्रिल-मेमध्ये वापर नसेल तर नळ्यांवर गोणपाट किंवा हिरवी जाळी टाकून ठेवायची. नाहीतर रोज पाणी उकळत राहतं आणि क्षार बसण्याचं काम उन्हाळाभर चालतं.

नळ्या घ्याव्यात की तांब्याच्या पट्ट्यांचं सपाट पॅनल? मला विचाराल तर पाणी बघून ठरवा. बोअरचं जड पाणी असेल तर नळ्या बऱ्या. त्या रुंद असतात, लवकर चोंदत नाहीत, काढून धुता येतात. सपाट पॅनलच्या अरुंद तांब्याच्या नलिका जड पाण्याने दोन-चार वर्षांत बुजू शकतात. पाणी धरणाचं, मऊ, पण येण्याचा भरवसा नाही, अशा घराला सपाट पॅनल जास्त भक्कम. कोरडं पडल्याने ते फुटत नाही आणि गारपिटीला त्याची टणक काच टिकते. मार्च २०१४ची गारपीट ज्यांनी धुळे-नंदुरबारकडे पाहिली, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

जिवाशी गाठ

गॅस गिझर लवकर तापतो, वीज गेली तरी चालतो. पण त्याच्या ज्वाळेला हवा लागते, आणि बंद न्हाणीघरात प्राणवायू कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला गुंगी येते आणि दार आतून बंद असतं. २०२३मध्ये घाटकोपरमधल्या एका जोडप्याच्या मृत्यूनंतर असाच संशय घेतला गेला आणि महाराष्ट्रभर त्याची चर्चा झाली. गॅस गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेतच बसवायचा. 'झरोका आहे ना, चालेल,' म्हणणाऱ्या माणसाला तुमच्या घरात काम देऊ नका. कमी दाबाच्या घरात तो पेटतही नाही, हे वेगळंच.

विजेच्या गिझरला सोळा अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, पुरेशी जाड तार, तीस मिलिअँपिअरचं गळती ओळखून वीज तोडणारं आरसीसीबी आणि अर्थिंग हवं. अर्थिंगबद्दल खान्देशात जास्त जागरूक राहावं लागतं. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल जाते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घाला आणि हिवाळ्यापूर्वी वायरमनकडून तपासून घ्या. गिझरच्या खाली सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, त्यातून थेंब गळतात म्हणून काही जण तो बूच मारून बंद करतात. तसं कधीही करू नका. दाब बाहेर पडायची ती वाट आहे. स्टीलच्या बादलीत हीटरचा रॉड टाकून पाण्यात हात घालून बघण्याची सवयही आजच सोडा.

माणूस निवडताना

सगळीकडे फिरून माझं मत पक्कं झालं आहे. कंपनी शेवटी निवडायची, बसवणारा माणूस आधी. आणि तो ओळखायचा त्याच्या प्रश्नांवरून. भाव सांगण्याआधी जो विचारतो, बोअर आहे का, नळ किती दिवसांनी येतो, घरात माणसं किती, आंघोळी कधी होतात, आणि मग गच्चीवर चढतो, तो कामाचा. फोनवरच भाव सांगून 'उद्या बसवून देतो' म्हणणारा नव्हे. विजेचं काम परवानाधारक ठेकेदाराकडून किंवा आयटीआयमधून वायरमन-इलेक्ट्रिशियनचं शिक्षण घेतलेल्या कारागिराकडून करून घ्या. त्याने तीन-चार वर्षांपूर्वी बसवलेल्या दोन घरांचे पत्ते मागा आणि तिथे जाऊन एवढंच विचारा, बोलावल्यावर आला होता का?

बिलाचा आग्रह धरा. त्यावर मॉडेल आणि सिरियल नंबर, टाकी कशाची, अनोड आहे की नाही, स्टँड-पाइप-इन्सुलेशन धरून किंमत, आणि पहिली सर्व्हिस कोणत्या महिन्यात, हे लिहून घ्या. गिझरवर आयएसआयची खूण आणि स्टारचं लेबल दोन्ही बघा. सगळी रक्कम आगाऊ देऊ नका. थोडी रक्कम पहिल्या थंड सकाळी गरम पाणी आल्यावर द्यायची, असं आधीच ठरवा. चांगला मिस्त्री याला नाही म्हणत नाही.

तरीही फसवणूक झाली, तर गप्प बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जळगाव आणि धुळे दोन्हीकडे जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते, कंपनीचं मुख्यालय दिल्लीत असलं तरी. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे आणि त्यासाठी बिल लागतं, म्हणून ते जपून ठेवा.